आखडलेला तास

“आवळा मूठ,” नर्सबाई म्हणाल्या.

पाथरवटाने मूठ आवळली. चारही बोटं तळहाताला टेकली. सहा महिन्यांपूर्वी याच मुठीतून लिंबू आरपार गेलं असतं. सांधेदुखीच्या विभागात वीस वर्षं घालवली, तरी अशी मूठ मिटताना पाहिली की नर्सबाईंना अजून बरं वाटायचं.

“शाब्बास, मिस्त्री!”

त्याच्या मागे उभ्या असलेल्या बायकोने मान खाली घातली आणि कोपर कानापाशी नेलं. मग सगळं जागच्या जागी आहे हे पाहून तिने उगीच केस सारखे केले.

नर्सबाई सांधे मोजू लागल्या. एकूण अठ्ठावीस. एकेक सांधा अंगठ्याने दाबायचा, तोही आपलं नख पांढरं होईल इतकाच, आणि नजर रोग्याच्या तोंडावर ठेवायची. सत्तावीस सांधे गप्प राहिले. उजव्या मनगटाशी मात्र तो कळवळला.

“हे एक अजून हट्टाला पेटलंय,” नर्सबाई म्हणाल्या.

“मोडू की त्याचा हट्ट. दगडाचा मोडतो, माणसाचा मोडतो, मनगटाचं काय घेऊन बसलात?” पाथरवट स्वतःच्याच बोलण्यावर मोकळेपणाने हसला.

“सकाळी हात किती वेळ आखडतो?”

हा प्रश्न त्याला असायचा, पण उत्तर नेहमी बायको द्यायची. तिने त्यासाठी वही केली होती. रोजची तारीख आणि पुढे मिनिटं. पंच्याण्णव. नव्वद. सत्तर. चाळीस. नर्सबाई ती वही इतर रोग्यांच्या घरच्यांना दाखवायच्या. काळजी घ्यावी तर अशी, म्हणायच्या.

“शून्य,” बायको म्हणाली.

“आणि या फुल्या? या महिन्यात बऱ्याच दिसतात. त्या दिवशी त्रास जास्त झाला का?”

“हो.”

नर्सबाईंनी पाथरवटाला रक्त द्यायला शेजारच्या खोलीत पाठवलं. तो गेला तशी बायको टेबलाजवळ आली.

“सिस्टर, औषध जरा कमी नाही का करता येणार?”

“का? मळमळतं का त्यांना?”

“नाही हो. फार छान लागू पडलंय.” तिने गळ्याजवळचा कपडा बाजूला केला. खांद्यावर एका ओळीत चार काळेनिळे वळ होते, दुसरा इतरांपेक्षा मोठा. नर्सबाईंना विचारावं लागलं नाही. त्याच्या मुठीत दुसऱ्या बोटाच्या मुळाशी वर आलेलं हाड त्या सहा महिने दाबत होत्या.

“पूर्वी सकाळचा तासभर मिळायचा,” बायको म्हणाली. “हात उघडायचाही नाही यांचा, मिटायचाही नाही. तेवढ्यात मी सगळं उरकून घ्यायचे. चहासुद्धा बसून प्यायचे. मग तासाचा अर्धा झाला. मग पाव. आणि तुम्ही आपल्या दर खेपेला शाब्बास म्हणायच्या.”

नर्सबाईंनी वहीची पानं उलटली. चाळीसच्या आधी एकही फुली नव्हती. शून्य सुरू झाल्यावर एकही दिवस कोरा नव्हता.

“ताई, जायला कुणी नाही का तुम्हाला?”

“बहीण आहे ना. दोनदा निघाले. एकदा कोपऱ्यापर्यंत पोचले, एकदा बसच्या पायरीपर्यंत. दोन्ही वेळा यांनी ओढून आणलं.”

दार उघडलं. कोपराच्या खाचेत कापूस दाबून पाथरवट उभा होता. त्याने आधी खांदा पाहिला, मग वही.

“काय दाखवतेस गं?”

उत्तराची वाट न पाहता त्याने उजव्या हाताने तिचे केस धरले आणि तिचं डोकं औषधांच्या कपाटावर आपटलं. काच तडकली. पुन्हा आपटलं. या वेळी काच फुटली. बायको ओरडली नाही. तिने फक्त डोळे घट्ट मिटले, सवय असल्यासारखे.

“सोडा तिला! मिस्त्री, सोडा!” नर्सबाई मधे घुसल्या. त्याने डाव्या हाताने त्यांना भिरकावून दिलं. टेबलाची कड ओठावर बसली. तोंडात रक्त आलं.

“तुम्ही तुमच्या सांध्यांचं बघा, बाई. घरातलं मी बघतो.”

नर्सबाईंनी सांध्याचंच पाहिलं. उठून त्यांनी त्याचं उजवं मनगट दोन्ही हातांत धरलं. जागा शोधावी लागली नाही. अंगठा रोवला आणि अंगातलं सगळं बळ लावून दाबला. नख किती पांढरं झालं ते काही त्यांनी पाहिलं नाही.

पाथरवट किंचाळला. त्याचे गुडघे दुमडले. केसांतली बोटं एकेक करून सुटली.

पहारेकरी धावत आला तेव्हा तो जमिनीवर मनगट पोटाशी धरून लहान पोरासारखा रडत होता. “मोडला, बाईने हात मोडला माझा!”

“मोडला नाही, दुखावलाय,” नर्सबाई ओठ पुसत म्हणाल्या. “पोलिसांना बोलवा.”

“मागच्या महिन्यातही बोलावले होते,” बायको म्हणाली. तिच्या कपाळावरून रक्ताचा ओघळ भुवईपर्यंत आला होता. “संध्याकाळी हे घरी होते.”

तिने काचांमधून वही उचलली, झटकली आणि पेन्सिल काढली.

“सिस्टर, ही मूठ आता किती वेळ मिटणार नाही?”

नर्सबाईंनी जमिनीवरच्या हाताकडे पाहिलं. “तासभर तरी नाही.”

बायकोने आजच्या तारखेपुढचं शून्य खोडलं आणि साठ लिहिलं. मग वही टेबलावर ठेवली, पिशवी काखेत मारली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा पाहून ती दाराबाहेर पडली.