पालथी कळशी

"आत्ती, घोटभर तरी घ्या."

मनुबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. दुपारचे दोन वाजले होते. पहाटे अंघोळ करून, देवापुढं दिवा लावून त्या भिंतीला टेकल्या होत्या, तेव्हापासून पाण्याचा थेंब पोटात नव्हता. ओठांवर पापुद्रे आले होते. मुतखड्याचं जुनं दुखणं. दिवसाला तीन तांबे पाणी पोटात गेलं नाही, तर मूत्रपिंडाचा भरवसा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मागच्या मंगळवारी तर त्या न्हाणीच्या दारातच चक्कर येऊन पडल्या.

फाउंड्रीत लेकाचा, आदर्शचा, हात भाजला होता. तो बरा व्हावा म्हणून त्या गावच्या देवीला, माळव्वाला, पाच मंगळवारांचा नेम बोलल्या होत्या. आज तिसरा. आपल्या मोबाइलला त्यांनी तोंडी विचारलं होतं, की हा नेम कसा करायचा. मोबाइलातल्या बाईनं घडाघडा सांगितलं आणि मनुबाईंनी ते हात जोडून ऐकलं.

"नेम मोडा म्हणत न्हाय मी," सून सौम्या काकुळतीनं म्हणाली. "पाणी चालत असंल, एवढंच म्हणालोय."

"चालतंय असं कुठं लिवलंय? दाव मला. ह्या घडीला पितो."

सुनेनं मोबाइल घेतला आणि ती उंबऱ्यात जाऊन बसली. तिथंच काय ती रेंज येई. आधी पूजेच्या ताटांच्या जाहिराती आल्या. मग नवग्रहांच्या अंगठ्या. मग कुणीतरी भविष्य सांगू लागला. त्याच्या खाली एकाखाली एक पानं लागली होती. प्रत्येकात आधी महत्त्व, मग महिमा, मग लाभ, असं लांबलचक गुऱ्हाळ, आणि शेवटी तेच वाक्य: 'या दिवशी पाण्याचा थेंबही वर्ज्य मानावा.' तिनं शब्द बदलले. शोधायची साइटही बदलली. विचारलं की उत्तर देणारं ते नवं यंत्र असतं, त्यालाही विचारलं. त्यानं आदरानं, गोड शब्दांत तेच सांगितलं. अकरा पानं झाली. मोबाइल तापला. आत मनुबाई आडव्या झाल्या आणि हळूच कण्हल्या.

शेवटी तिनं माळावरच्या देवळातल्या गुरवाला, भावकूला, फोन लावला.

"पाणी व्हय?" भावकू घुटमळला. "आमचा म्हातारा होता तवर समदं त्याच्या तोंडात हुतं बघा, वैनी. थांबा हं. मोबाइलात बघून सांगतो."

सौम्याला हसावं की रडावं कळेना. पलीकडून तो अडखळत वाचू लागला.

"पाण्याचा थेंबही वर्ज्य मानावा... घरातील तांब्याची कळशी दिवसभर पालथी घालावी. तिच्या बुडावर देवी क्षणभर विसावते, अशी श्रद्धा आहे. हां, लई जुनी पद्धत दिसतीया."

सौम्यानं फोन कानापासून खाली घेतला. तिनं आत पाहिलं. देव्हाऱ्याजवळ कळशी पालथी होती. तीन मंगळवार ती बघत होती, आणि सासूबाईंच्या माहेरची रीत असेल, असं समजत होती.

गेल्या साली ती घरबसल्या एका वेबसाइटसाठी लिहीत असे. प्रत्येक गावच्या देवाचं एक पान त्यांना हवं होतं, आठशे शब्दांचं. अशी शेकडो पानं लिहून ती विसरूनही गेली होती. माळव्वाच्या पानाला शंभर शब्द कमी पडत होते. तिनं मान वर केली, तर समोर न्हाणीच्या दगडावर घासलेली कळशी पालथी निथळत होती. तिनं ती लिहून टाकली. नेमाला वजन यावं म्हणून पाणीही वर्ज्य केलं. पुढं ते पान दहा जणांनी उचललं. त्या दिवशी मनुबाई ओसरीवर हरभरा निवडत बसल्या होत्या. उठून दहा पावलं जावं आणि त्यांना विचारावं, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

ती आत आली आणि सासूच्या पायांशी बसली.

"आत्ती, त्ये मी लिवलंय."

"काय?"

"पाण्याचं. कळशीचं. समदं माझ्या मनचं हाय. देवीचं न्हाय, कुठल्या पोथीचं न्हाय. मीच."

मनुबाई कोपर टेकून उठून बसल्या. त्या आता शिव्या देतील, कपाळावर हात मारून घेतील, म्हणून सौम्या मान खाली घालून थांबली. बाहेर उसाचा ट्रॅक्टर खडखडत निघून गेला.

"ताक हाय काय घरात?" मनुबाईंनी विचारलं.

सौम्या धावतच गेली. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात रिकामा केला. मग पदरानं तोंड पुसायचं सोडून त्यांनी डोळे पुसले.

"माझी आई ह्योच नेम करायची. दिवसभर रानात भांगलायची आन् पोटभर ताक प्यायची. मोबाइलात ऐकलं तवा वाटलं, आईच चुकली जलमभर. म्हणून तिच्या वाटणीचं बी मीच फेडालोय गं."