एकही तक्रार नाही

"तुझ्याकडे तरी काही दिसतं का रे?" दिराच्या स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता निशिगंधा त्याच्या कानाशी कुरकुरली.

"काळोख," हितेश म्हणाला. "वहिनी, डिट्टो अवसेची रात्र."

"हळू बोल. नयन बाहेरच बसलाय."

नयन तिचा नवरा, हितेशचा मोठा भाऊ. आणि काळोख त्याच्या 'खाडी'चा. जगभरातली मूठभर हौशी माणसं मिळून कॉम्प्युटरची एक सिस्टिम बनवतात. तिची मराठी आवृत्ती ठाण्यातल्या कोलशेतात बसून एकटा नयन करतो, तिचं नाव खाडी. कंपनीने घरी बसवल्यावर वर्षभर तो गॅलरीत नुसता उभा असायचा. त्यांच्याच शेतावर उभे राहिलेले टॉवर बघत. मग खाडी हाती लागली आणि माणूस चक्क शिट्टी वाजवायला लागला.

त्याच्या जुन्या मशीनला ग्राफिक्सचं वेगळं कार्ड होतं. त्यावर खाडी चकाचक दिसायची. बाकी घरच्यांच्या मशीनमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातच. गणपतीत नवी आवृत्ती आली आणि त्या पोटांना ती काही पचेना. पडदे काळे.

पण सांगणार कोण? शिट्टी बंद पडली असती. म्हणून निशिगंधा लाइटबिल गुपचूप मोबाइलवरून भरायची. हितेशने खाडी नसलेला दुसरा लॅपटॉप चपलांच्या कपाटात लपवला होता. आणि हितेशकडे, म्हणजे समोरच्याच फ्लॅटमध्ये राहणारी आई, बायजा, नयनची चाहूल लागली की कॉम्प्युटरचं बटण बंद करून जपमाळ घ्यायची.

चहा बाहेर आला तेव्हा नयनच्या हातात पेनड्राइव्ह होता.

"आज सगळ्यांच्या मशीनवरून खाडी काढतो," तो म्हणाला. "नेहमीची सिस्टिम टाकून देतो. बास झालं."

खरं तर सगळ्यांनी पेढे वाटायचे. पण शिट्टी आठवड्यापासून ऐकू आली नव्हती, हे तिघांच्या एकदमच लक्षात आलं.

"वेडा आहेस का?" निशिगंधा म्हणाली. "इतकी छान चालते!"

"मक्खन, दादा! एकदम मक्खन. एक पण तक्रार नाय."

"हो ना," नयन म्हणाला. "एक पण नाही." त्याचा चेहरा आणखीच उतरला. जितकं कौतुक, तितका तो खचत होता. त्याने खुर्ची आईच्या कॉम्प्युटरसमोर ओढली.

बायजा मधे उभी राहिली. अंबाड्यावर अबोलीची वेणी, तोंडावर भांडणाची तयारी.

"हात नको लावू."

"आई, चांगली सिस्टिम टाकतोय गं."

"मंग मी वेणी कनात बगून घालू?"

हितेशला ठसका लागला. निशिगंधाने बशी कपाळाला लावली.

"कशात बघून म्हणजे?" नयनने विचारलं.

"तुजे खाडीत! रोज सकाली चालू करतंय, तू बसवलास म्हंगून. घडीभर निला व्हतो, मंग काला. पार काला. आरशापरीस बेस दिसतं."

नयनने खुर्ची आईकडे वळवली.

"रोज?" त्याने विचारलं. "रोज चालू करतेस?"

"मंग? देवाला दिवा लावतंय, तुला बटान."

"आणि आधी निळा होतो? मग काळा?" तो उभा राहिला. आईचे दोन्ही खांदे धरले. "अजून सांग. अजून काय काय बिघडतं?"

झालं. बांध फुटला. "माझ्याकडे आधी हिरव्या रेघा येतात," निशिगंधा ओरडली. हितेश चपलांच्या कपाटाकडे धावला, लपवलेल्या लॅपटॉपबरोबर दोन चपलाही घेऊन आला. "दादा, माझा खाडीवाला तर आधी थरथरतो! हिव भरल्यासारखा थरथरतो!" "माझ्याकडे उलटा झालेला एकदा!" "फेकून द्यायच्या लायकीची आहे रे!" नयन हसत होता, पेनड्राइव्ह कुठेतरी सोफ्याखाली गेला होता, आणि मधेच, दातांच्या फटीतून, शिट्टी सुरू झालेली.

निशिगंधाने पदराने डोळे पुसले. "अरे, पण आम्ही इतकी चांगली म्हणत होतो, तर काढायला का निघालेलास?"

"जी वापरतात ना, तिच्या तक्रारी येतात," नयन म्हणाला. "मला वाटलेलं, तुम्ही कोणी ती चालूच करत नाही."