एक तरी चेहरा

“सरळ बघा. फोटो काढायचाय,” दीक्षा म्हणाली. आवाज जरासुद्धा कापला नाही. लिंबूवाल्याने हातातला तराजू खाली ठेवला.

“काढा म्याडम.”

म्याडम! दहावीतल्या पोरीला! अकोल्याच्या याच जुन्या शहरात ती आजवर विजेच्या खांबाआडून फोटो काढायची. शाळेच्या प्रदर्शनासाठी दिलेले तिचे सगळे फोटो सरांनी परत केले होते. “नुसत्या पाठी! या गावाला तोंडं नाहीत का? उद्या एक तरी चेहरा आण, नाहीतर यादीतून तुझं नाव काढून टाकतो.”

“भीत भीत गेली तं चोर समजतीन तुले,” मैत्रीण पायल म्हणाली होती. “गळ्यात आयकार्ड घाल. ताठ चाल. ठासून बोल.”

म्हणून आज आयकार्ड, मामाचा मोठा कॅमेरा आणि आरशासमोर घोटून घोटून पाठ केलेलं ते वाक्य.

वाक्य भलतंच चालत होतं. कोणीच नाही म्हणत नव्हतं. फक्त लिंबूवाल्याने ऐन वेळी मान खाली घातली. बांगड्यावाला तर पाठ फिरवूनच उभा राहिला. ती पोचायच्या आधीच पुढच्या हातगाड्या रस्त्यावरून नालीच्या पलीकडे सरकू लागल्या, ताडपत्र्यांच्या दोऱ्या सुटू लागल्या. फोटोत नीटनेटकं दिसावं म्हणून केवढी धडपड लोकांची, दीक्षाला वाटलं.

मग कोणीतरी लांब शीळ घातली. भाव ओरडणारे आवाज एकेक करून बंद पडले. गल्ली इतकी गप्प झाली की कॅमेऱ्याचा खटका टोकापर्यंत ऐकू जावा.

क्षणभर तिला परत खांबाआड जावंसं वाटलं. जुनी भीती? छे! ती आणखी ताठ झाली.

“वर बघा म्हटलं ना!”

कोणी पाहिलं नाही. सगळ्या माना खाली.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारी अंबाडीची भाजी घेऊन बसली होती. तिने मात्र काहीच आवरलं नव्हतं.

“पार्बताबाई, उठ ना वं,” शेजारचा लसूणवाला दबक्या आवाजात म्हणाला.

“काहून उठू? मले काय पाय हायेत पळाले?”

दीक्षा तिच्यासमोर उकिडवी बसली. “सरळ बघा, आजी.”

पार्बताबाईने पाहिलं. थेट भिंगात, पापणी न हलवता. डोळ्यांत पाणी उभं, पण मान ताठ.

खट्.

मिळाला! दीक्षाला तिथेच उडी मारावीशी वाटली. असा चेहरा आख्ख्या शाळेत कोणी आणला नसता.

“झाला काढून?” म्हातारी भाजीच्या जुड्या पोत्यात भरू लागली. “मांगच्या खेपेले अतिक्रमणवाल्यायनं बी पयले फोटोच काढले होते. आता त्यायची गाडी कवा येऊन रायली, तेवढं सांगा म्याडम.”