पाठमोरा माणूस

चित्रकार चित्रावर सही करत नसे. सहीच्या जागी तो चित्रात कुठेतरी छत्री धरलेला, पाठमोरा, नखाएवढा माणूस काढायचा. तो शोधायच्या हौसेनेच गिऱ्हाइकं चित्रं न्यायची.

आज सकाळी शाळेतल्या बाईंचा फोन आला. “अहो, आमच्या चित्रातला तुमचा माणूस गेला की!”

“भिंतीला ओल असेल. आणून द्या, पुन्हा काढतो.”

मग डॉक्टरांचा आला. मग शिंप्याचा. तो तर चिडलाच होता. “माणूस नाही, तर चित्र परत घ्या.”

चित्रकाराने फोन ठेवला. घरात एकच चित्र उरलं होतं, त्याच्या स्वतःच्या घराचं. त्यात तरी माणूस आहे का, ते बघायला तो गेला. होता. पण एकटा नव्हता. अंगणभर तेच ते, छत्र्या धरलेले, पाठमोरे, सगळ्यांची तोंडं घराच्या दाराकडे.

त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अंगण रिकामं होतं आणि चित्रातलं दार सताड उघडं.

तेवढ्यात बाजारातून परतलेली बायको उंबऱ्यावरूनच म्हणाली, “अहो, आत कोण कोण आलंय? बाहेर एवढ्या छत्र्या कुणाच्या?”