बहिणीवरून आलेला शब्द

"आक्का, अंगठा ठेव ना," दत्तू म्हणाला.

निबंधक कार्यालयातल्या यंत्राची काच लाल उजळली होती. हक्कसोडपत्रासाठी हेमलताचा अंगठा उमटला, की वडिलांची सगळी जमीन या धाकट्या भावाची होणार होती. बदल्यात आणलेली साडी त्याच्या काखेतल्या पिशवीत होती.

तिचा अंगठा काचेजवळ जाऊन थांबला.

सकाळीच जर्मनच्या वर्गात तिने फळ्यावर 'गेश्विस्टर' लिहिलं होतं, म्हणजे भावंडं. "हा शब्द बहिणीवरून आलाय. आधी त्याचा अर्थ नुसत्या बहिणी, भाऊ त्यात मागाहून शिरले," ती सांगत होती. एका मुलीने पटकन विचारलं, "मॅडम, आपला 'भावंडं' तर भावावरून आलाय. मग बहीण कुठं गेली?" "ती त्यातच आली गं," म्हणत हेमलताने घाईघाईने फळा पुसला होता.

"बाई, आपखुशीने हक्क सोडताय ना?" निबंधक साहेबांनी विचारलं.

मागची रांग चुळबुळली. दत्तू तिच्या कानाशी वाकला. "आक्का, लोक बघतायत. भावंडांत कसली आलीय वाटणी? की माहेर तोडायचंय तुला?"

साहेबांनी पुन्हा विचारलं. हेमलताने अंगठा मागे घेतला आणि पदराला पुसला. तिचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू गेला.

"खरंय दत्तू, भावंडांत वाटणी नसते. मग तूच सोड की तुझा हक्क. टॉवेल-टोपी मी करीन तुला. आणि दर दिवाळीला येत जा माहेरी."