झाक्षस

"ठमाबाई, इथे 'झानी' ठेवू की 'झाणी' करू?" जानकीबाईंनी विचारलं.

शाळा सुटली होती. प्रयोगशाळेच्या टेबलावर मुलांच्या एका पुस्तकाची प्रुफं पसरलेली होती. पहिल्या पानावर १९७६ साल छापून आलं होतं. ठमाबाई मोरीपाशी परीक्षानळ्या धूत होती. शाळेत ती झाडलोट करायची. पुस्तकातल्या गोष्टी तिच्या होत्या. ती सांगायची आणि विज्ञान शिकवणाऱ्या जानकीबाई त्या लिहून घ्यायच्या. ठाण्याच्या प्रकाशकाने कळवलं होतं की असं अद्भुत जग त्याच्या वाचनात आजवर आलं नव्हतं. त्या जगात एक झाजा होता, त्याची झानी होती. दाट झानात एक झाक्षस राहायचा आणि तो फक्त झात्री बाहेर पडायचा. 'नावं कृपया बदलू नयेत', असं प्रकाशकाने खाली रेघ मारून लिहिलं होतं.

'रा'च्या जागी 'झा' येतो, हे जानकीबाईंच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. त्यांना ती गंमत वाटली होती. का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"ते समदं खोडा बाई," ठमाबाई नळ बंद करून म्हणाली. "राजा लिवा. रानी लिवा. राक्षस लिवा."

जानकीबाईंनी मान वर केली. दोन वर्षांत ठमाबाईच्या तोंडून हे अक्षर त्या प्रथमच ऐकत होत्या.

"अहो, पण प्रकाशकांना हीच नावं आवडलीत. किती छान सुचली तुम्हाला."

"सुचली?" ठमाबाई हसली. "मला काय सुचतंय! आमच्या मालकांचं नाव 'रा'वरनं. नवऱ्याचं नाव तोंडात घेतलं का त्याच्या आयुष्यातला येक दिस तुटतो. मंग पयलं अक्षर तरी कशाला घ्या? रातीला मी झात म्हनायची. राखेला झाक. जावा पोट धरून हसायच्या."

"पण तुमचे मालक तर..."

"चौदा वर्सं झाली. लूमवर ड्युटीला जातो म्हनून गेले ते आलेच न्हाय. म्हनलं, असतील तिथं असूद्या. आपल्या तोंडानं त्यांचा दिस कमी व्हाया नको."

तिने हातातली नळी उजेडात धरून पाहिली आणि लाकडी स्टँडमध्ये उलटी लावली.

"आयतवारी गणेशपुरीच्या यष्टीत दिसला. बाजूला बायको, मांडीवर पोरगी. मी म्होरं जाऊन उभी राहिले. तर मला म्हनतो, 'कोन गं तू? नाव काय तुझं?'"

"ओळखलं नसेल त्यांनी."

"वलखलं बाई. कान लाल झाले त्याचे."

ठमाबाईने पदराला हात पुसले. ती टेबलाजवळ आली. शेजारच्या कारखान्यात कापडाचे लूम खडखडत होते, म्हणून ती मोठ्याने बोलली.

"राघो."

जानकीबाई दचकल्या.

"त्या राक्षसाला नाव न्हाय ना अजून? राघो घाला. आन् नुसतं राघो नको. लय राघो हायत, दुसऱ्या कुना गरिबाला लागायचं. दिघाशीचा राघो. तसंच घाला."

ध्वनी म्हणजे हवेतली कंपनं, हे जानकीबाई दरवर्षी नववीला शिकवत. कंप पावणारा नादकाटा पाण्यात बुडवून दाखवत. तरीही त्यांनी पटकन दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. घरी आपण नवऱ्याला 'अहो' म्हणतो, हे त्यांना उगाच आठवलं.

"ठमाबाई, नाव घेऊन कोणाचं काही होत नसतं."

"मंग लिवायला काय जातंय?"

जानकीबाईंनी लाल पेन्सिल उचलली. 'झाक्षस' खोडला आणि समासात लिहायला सुरुवात केली. ठमाबाईला वाचता येत नव्हतं. दुसरं काहीही लिहिलं असतं तरी तिला कळलं नसतं. तो विचार मनात आला, तेव्हा आपण नक्की कशाला घाबरतो आहोत ते जानकीबाईंना सांगता आलं नसतं. त्यांनी नाव नीट, एकेक अक्षर सुटं, लिहून पूर्ण केलं.

"बोट ठेवून वाचा," ठमाबाई वाकून म्हणाली.

"दिघाशीचा राघो."

"मोठ्यानं."

"दिघाशीचा राघो."

"न्हाय, घो लांब काढा. त्याची आई बांधावरनं हाक मारायची तसा."

जानकीबाईंनी घो लांब काढला. त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू आला नाही. ठमाबाई समासातल्या लाल अक्षरांकडे पाहत राहिली. मग तिने ओल्या बोटाने कागदाची दुमडलेली कड सरळ केली.

"किती पुस्तकं निघतील?"

"हजार."

ठमाबाई मोरीकडे गेली. नळ सोडता सोडता ती थांबली.

"आन् बाई, येक पोर येक गोष्ट मोठ्यानं कितीदा वाचतं?"