सासऱ्याची होडी

ओकीचोबी तळ्याच्या उथळ, गवताळ कडेला ट्रॅव्हिस सासऱ्याच्या होडीतून गळाला लावलेला रबरी बेडूक पाण्यात फेकत होता. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून आला होता, पण सकाळपासून नुसते मासेच धरत बसला होता. गवतातून बास माशाने तिसऱ्यांदा उसळी मारली, ट्रॅव्हिसने तिसऱ्यांदा घाईने गळ खेचला आणि मासा सुटला.

"अरे, बेडूक नीट तोंडात तरी जाऊ दे त्याच्या!" सासरा हॉलिस खेकसला. "कसली घाई झालीय तुला?"

"पपा, ऐका ना... मी आणि जोलीन घटस्फोट घेतोय."

हॉलिस गळात अडकलेलं गवत सोडवत म्हणाला,



"मंगळवारीच सांगितलं मला तिने. मला सकाळपासून वेगळंच विचारायचंय... पुढच्या शनिवारीही येशील ना माझ्यासोबत मासे धरायला?"